आधी दोन स्पीकरवाल्यांचं बघ

अगं, तुझा निरोप वाचला. संगीत नाटकाच्या प्रयोगाचं चित्रीकरण झालं, संकलन होत आलं आणि आता नाट्यमंडळाला डीव्हीडी हवी आहे. त्यात कुणीतरी सुचवलंय की आवाज ‘फाइव्ह पॉइंट वन’ करा, म्हणजे नाट्यगृहात बसल्यासारखं वाटेल. आणि तू विचारतेस, ताई, स्टिरिओ ठेवू की सराउंड?

दोन्ही ठेव. डीव्हीडीवर एका टायटलला आठपर्यंत ऑडिओ ट्रॅक जोडता येतात, त्यामुळे यातला एकच निवडायचा असं मुळी बंधनच नाही. पण कोणता आधी करायचा आणि कोणता पहिल्या क्रमांकावर बसवायचा, हे मात्र आत्ताच मनाशी पक्कं कर. माझं मत विचारशील तर स्टिरिओ आधी, आणि तोही स्वतंत्रपणे, जीव ओतून केलेला. सराउंडमधून आपोआप निघेल तो चालवून घेऊ, असं म्हणू नकोस. जिच्याकडे सहा स्पीकर नाहीत, तिलाही प्रत्येक शब्द ऐकू आलाच पाहिजे. बाकी सगळं मी पुढे सांगते ते याच एका गोष्टीसाठी.

जरा विचार कर, ही डिस्क कोण लावणार आहे? मंडळाचे जुने सभासद, कलाकारांच्या घरची माणसं, एखादं ग्रंथालय. त्यातल्या बहुतेकांकडे टीव्हीचे स्वतःचे दोन स्पीकर असतात, बस्स. डिस्कवर फक्त सराउंड असेल तर त्यांचा प्लेअर सहा चॅनेल दुमडून दोन करतो. मधला चॅनेल तीन डेसिबल कमी करून डावी-उजवीकडे वाटतो, मागचे दोन आपापल्या बाजूला मिसळतो आणि एलएफई, म्हणजे सबवूफरचा चॅनेल, सरळ सोडून देतो. शिवाय सगळं एकत्र येऊन आवाज फुटू नये म्हणून एकूण पातळी खाली आणतो. यात यंत्राची काही चूक नाही, ते नियमाने चालतं. पण तू मागच्या स्पीकरसाठी ठेवलेल्या टाळ्या आता नटाच्या वाक्यावर येऊन बसतात, आणि हलक्या आवाजातलं स्वगत त्याखाली दबतं. मग घरात कुणीतरी रिमोट घेऊन आवाज वाढवत बसतं, आणि पद सुरू झालं की घाईघाईने कमी करतं.

संगीत नाटकात तर ही अडचण जास्तच. १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ आलं, तेव्हापासून आपल्याकडे नट स्वतःच बोलतो आणि स्वतःच गातो. एकाच गळ्यातून एका क्षणी कुजबुज येते, दुसऱ्या क्षणी तार सप्तकातली तान. त्या दोन्हींमधलं अंतर यंत्राच्या भरवशावर सोडायचं नसतं, ते कानाने सांभाळायचं असतं. म्हणून स्टिरिओ मिक्स स्वतः कर. संवाद स्पष्ट ठेव, टाळ्या आणि ‘वन्स मोअर’ यांना जागा दे, पण वाक्यावर चढू देऊ नकोस. झालं की तो एकदा घरच्या साध्या टीव्हीवर ऐक, पंखा चालू असताना, स्वयंपाकघरात कुकर लावलेला असताना. तिथे संवाद कळला तर मिक्स जमला समज.

आता सराउंडकडे वळू. तुझ्याकडे खरीखुरी सामग्री आहे, हे फार चांगलं झालं. रंगमंचाच्या कडेने माइक, ऑर्गनला वेगळा, तबल्याला वेगळा आणि प्रेक्षागृहात मागे दोन. एवढं असेल तर सराउंड करण्यात अर्थ आहे. नटांचा आवाज मधल्या चॅनेलला दे. ऑर्गन आणि तबला प्रयोगात ज्या बाजूंना होते, त्याच बाजूंना पुढच्या डाव्या-उजव्या चॅनेलमध्ये ठेव. मागच्या दोन चॅनेलमध्ये फक्त प्रेक्षागृह: दाद, टाळ्या, हशा आणि आवाज विरताना येणारा तो सभागृहाचा नाद. मागून ऑर्गन ऐकू आला की कान लगेच चपापतो, कारण प्रत्यक्षात तो कधीच मागे नसतो.

एलएफईचा मोह टाळ. त्या चॅनेलमध्ये १२० हर्ट्झच्या वरचं काही जातच नाही. स्फोट, गडगडाट यांसाठी तो आहे. डग्ग्याचा घुमार पुढच्या चॅनेलमध्येच राहू दे. ज्यांचे स्पीकर लहान आहेत, त्यांचं यंत्र खालचा आवाज स्वतःच सबवूफरकडे वळवतं. आणि कळीची गोष्ट लक्षात ठेव: जे फक्त एलएफईत आहे, ते दोन स्पीकरवाल्याला ऐकूच येणार नाही. त्यामुळे तो चॅनेल रिकामा ठेवलास तरी काही बिघडत नाही. ५.० असं एन्कोड करायचीही सोय आहे.

मागच्या माइकांबद्दल एक गोष्ट मात्र नीट ऐक, कारण नवीन माणूस हमखास इथेच अडकतो. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. तुझे मागचे माइक रंगमंचापासून १७ मीटरवर असतील तर नटाचं वाक्य त्यांच्यापर्यंत ५० मिलिसेकंद उशिरा पोहोचतं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे हा उशीर एका फ्रेमहून जास्त झाला. सहा स्पीकरवर तो कदाचित खपून जाईल, पण दुमडून दोन झाले की तेच वाक्य दोनदा आल्यासारखं, विहिरीत बोलल्यासारखं वाटतं. तेव्हा मागचे ट्रॅक टाइमलाइनवर सुरुवातीच्या दिशेने सरकव. अगदी जुळवू नकोस; १० ते २० मिलिसेकंद मागे राहू दे. ज्या दिशेने आवाज आधी येतो तिकडेच कान त्याचा उगम मानतो, म्हणून नट समोरच राहतो आणि सभागृह मागे पसरतं. तबल्याच्या पहिल्या थापेवर किंवा तिसऱ्या घंटेवर वेव्हफॉर्म मोठं करून बघ, अंतर डोळ्यांना दिसेल.

आणि समजा उद्या दुसरं कुणी आलं, त्यांच्याकडे फक्त दोन चॅनेलचं ध्वनिमुद्रण आहे आणि तरीही त्यांना ‘फाइव्ह पॉइंट वन’ हवंय, तर? नम्रपणे नाही म्हण. तोच आवाज मागच्या स्पीकरमध्ये कॉपी करून टाकला की सहा दिवे लागतात, पण ऐकणाऱ्याला नवीन काही मिळत नाही, उलट गाणाऱ्याची जागा पुसट होते. जुनी मोनो टेप असेल तर तिला तसंच राहू दे. खोटं सभागृह तिच्याभोवती उभारू नकोस. चांगला स्टिरिओ देण्यात काहीच कमीपणा नाही, आणि वेष्टनावर जे छापलंय ते आत असलंच पाहिजे.

पुढचं काम कंटाळवाणं आहे, पण सगळं यावरच उभं राहतं. डीव्हीडीला आवाज ४८ किलोहर्ट्झचा लागतो. सीडीवरून घेतलेलं मेनूचं संगीत ४४.१ चं असतं, ते प्रकल्पात आणतानाच नीट बदलून घे. नुसता आकडा बदलून चालत नाही, रूपांतर करावं लागतं. तसं न केल्यास संगीत वेगाने आणि चढ्या सुरात वाजतं, आणि सुरांचा कान असलेल्या माणसाला ते पहिल्या सेकंदात कळतं.

आता जागेचा हिशेब. साध्या एकस्तरी डिस्कवर ४.७ जीबी मावतात. तुझं नाटक अडीच तासांचं. भागाकार केलास तर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला साधारण ४.२ मेगाबिट येतात. स्टिरिओ पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज, १६ बिटमध्ये ठेवलास तर एकटा १.५ मेगाबिट खातो. एका तृतीयांशाहून जास्त वाटा तिथेच गेला! मग रंगमंचावरच्या अंधाऱ्या प्रवेशांत चित्राचे चौकोन दिसायला लागतात. म्हणून इथे दोन्ही ट्रॅक डॉल्बी डिजिटलमध्ये, म्हणजे एसी-३ मध्ये घे: स्टिरिओ १९२ किंवा २५६ किलोबिटला, सराउंड ४४८ ला. डीव्हीडीवर एसी-३ ची कमाल मर्यादाच ४४८ आहे. दोन्ही मिळून पाऊण मेगाबिटच्या आत बसतात आणि चित्राला श्वास घ्यायला जागा उरते. हेच काम तासाभराच्या मैफलीचं असतं तर मी म्हटलं असतं, स्टिरिओ खुशाल पीसीएममध्ये ठेव, गाण्याला तो मान मिळू दे. मंडळाचा खर्च करायचा विचार असेल तर ८.५ जीबीची दुहेरी थराची डिस्क घे, म्हणजे अडीच तासांतही पीसीएम बसेल. डीटीएसचा ट्रॅकही ठेवता येतो, पण तो प्रत्येक प्लेअर वाजवेलच असं नाही. म्हणून एकटा डीटीएस कधीच ठेवायचा नसतो, आणि तुझ्या हिशेबात तर त्याला जागाच नाही.

एसी-३ एन्कोड करताना समोर एक खिडकी उघडेल आणि त्यात भरलेले आकडे जसेच्या तसे ठेवून पुढे जायचा मोह होईल. जरा थांब तिथे. ‘डायलॉग नॉर्मलायझेशन’ या रकान्यात उणे १ ते उणे ३१ असा आकडा भरायचा असतो. संवादाची सरासरी पातळी किती आहे, हे तू प्लेअरला त्यातून सांगतेस. उणे २७ भरलंस तर प्लेअर आवाज ४ डेसिबलने खाली आणतो. उणे ३१ भरलंस तर हातच लावत नाही. मोजून भर, आणि दोन्ही ट्रॅकना आपापल्या मोजणीप्रमाणे भर, म्हणजे एकावरून दुसऱ्यावर गेलं की आवाज उडी मारणार नाही. पीसीएमला असा रकानाच नसतो, त्यामुळे एक ट्रॅक पीसीएम आणि एक एसी-३ असेल तेव्हा हा फरक विशेष जाणवतो.

त्याच्या खाली ‘डायनॅमिक रेंज’चा रकाना. तिथे बहुतेकदा ‘फिल्म स्टँडर्ड’ निवडलेलं असतं. ते मोठा आवाज दाबतं, लहान आवाज उचलतं. तानेच्या टोकाला दाब आला की गाणं धापा टाकल्यासारखं ऐकू येतं. ‘म्युझिक लाइट’ घे, किंवा काहीच नको असं निवड. त्याच ठिकाणी दुमडण्याचे आकडेही असतात. मधल्या चॅनेलसाठी उणे ३ राहू दे. मागच्या चॅनेलसाठी उणे ६ निवड. कुणी दोन स्पीकर असताना चुकून सराउंड ट्रॅक लावलाच, तर निदान टाळ्या संवादावर येणार नाहीत. बघ, एवढ्याशा आकड्याने एखाद्या घरातली संध्याकाळ बरी होते.

सहा चॅनेलच्या क्रमाची काळजी घे. वेव्ह फाइलमध्ये क्रम असतो डावा, उजवा, मधला, एलएफई, मागचा डावा, मागचा उजवा. सिनेमाच्या कामात मात्र डावा, मधला, उजवा, मागचे दोन आणि शेवटी एलएफई असाही क्रम चालतो. एकाने एक धरला, दुसऱ्याने दुसरा, की नायक उजव्या कोपऱ्यातून बोलायला लागतो, तबला मध्यभागी येतो आणि डावीकडचा अर्धा प्रेक्षक सबवूफरमध्ये गडप होतो. यावर माझा साधा उपाय आहे. स्वतःच्या आवाजात ‘पुढचा डावा’, ‘मधला’, ‘पुढचा उजवा’, ‘मागचा डावा’, ‘मागचा उजवा’ असं एकेका चॅनेलमध्ये बोलून ठेव. एलएफईत ६० हर्ट्झची गुणगुण टाक. ही छोटी फाइल नाटकाच्याच वाटेने एन्कोड कर, पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर उतरव आणि कुणाच्या तरी होम थिएटरवर वाजव. प्रत्येक हाक आपापल्या कोपऱ्यातून आली की निश्चिंतपणे पुढे जा.

आता ऑथरिंग. पहिला ट्रॅक स्टिरिओ, दुसरा सराउंड. दोघांची भाषा मराठी लाव. तिचा दोन अक्षरी कोड ‘एमआर’. बहुतेक प्लेअर आवडीची भाषा शोधतात, दोन्ही सारख्याच असल्या की पहिला ट्रॅक वाजवतात. ज्याच्याकडे सहा स्पीकर आहेत त्याला रिमोटवरचं ऑडिओचं बटण माहीत असतं. ज्याच्याकडे नाहीत त्या आजोबांना ते शोधायला लावू नकोस.

मेनूत ‘आवाज’ असं एक पान कर आणि त्यावर माणसाला कळेल असं लिही: ‘टीव्हीचे दोन स्पीकर’ आणि ‘होम थिएटर, सहा स्पीकर’. डॉल्बी, टू पॉइंट झिरो ही भाषा वेष्टनाच्या मागच्या बाजूला लहान अक्षरांत राहू दे.

अंकांची एक मेख आहे. तू तीन अंक तीन वेगळ्या फाइलींत ठेवलेस तर तिन्हींत तेच दोन ट्रॅक, त्याच क्रमाने आणि त्याच स्वरूपात हवेत. डीव्हीडीवर एका टायटल सेटचे ऑडिओ गुणधर्म एकच असतात. पहिल्या अंकात दोन ट्रॅक आणि दुसऱ्यात एकच, असं झालं तर सराउंड निवडणाऱ्याला मध्यंतरानंतर पडद्यावर नुसतेच हलणारे ओठ दिसतील. दोन्ही ट्रॅकची सुरुवात आणि लांबी फ्रेमगणिक सारखी ठेव. मग नाटक चालू असताना, एखाद्या टाळीवर, बटण दाबून एकावरून दुसऱ्यावर जा. टाळी हातावरच पडली पाहिजे.

काही ऑथरिंग प्रोग्राम आत आलेला आवाज विचारल्याशिवाय पुन्हा एन्कोड करतात, आणि तुझे सहा चॅनेल मुकाट्याने दोन होऊन बाहेर पडतात. डीव्हीडीस्टायलर मोफत आहे आणि सुरुवातीला चांगला आहे. त्यात ऑडिओसाठी ‘कॉपी’ निवडायचं. इतर प्रोग्रामांमध्ये ‘ट्रान्सकोड करू नका’ अशा अर्थाचा पर्याय शोध. डिस्क लिहून झाली की प्लेअरच्या माहितीच्या पट्टीत सहा चॅनेल दिसतात का ते बघ. सहा दिसूनही सराउंड ऐकू येत नसेल तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर असेल, ते ‘बिटस्ट्रीम’वर कर. काही यंत्रांत त्यालाच ‘रॉ’ म्हणतात. हे मंडळाला देताना एका कागदावर लिहून दे, नाहीतर दोष तुझ्या डिस्कच्या माथी येतो. डिस्क हळू वेगाने लिही आणि किमान दोन निरनिराळ्या प्लेअरवर शेवटपर्यंत चालवून बघ. संगणकावर चाललं म्हणजे झालं असं नसतं.

आणखी एक विनवणी. डिस्क दिल्यावर मूळ ध्वनिमुद्रण पुसू नकोस. एसी-३ हे दाबलेलं रूप आहे. त्यातून गेलेलं परत येत नाही. प्रत्येक माइकचा वेगळा ट्रॅक, स्टिरिओ मिक्स आणि सहा चॅनेलचा मिक्स, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झमध्ये, दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कवर ठेव. संगीत नाटक करणारी मंडळी वाढत नाहीत, हे तुला मी सांगायला नको. उद्या ब्लू-रे करायची झाली, जिथे एसी-३ ला ६४० किलोबिटपर्यंत जाता येतं आणि न दाबलेल्या आवाजालाही ऐसपैस जागा असते, किंवा यातलं एखादं पद कुण्या अभ्यासकाला हवं झालं, तर त्या फाइलीच कामाला येतील.

आता मनातलं सांगते. हे काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. कॅमेऱ्याचं कौतुक होतं, संकलनाचं होतं, आवाज नीट असला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय तांत्रिक बैठकीत तू एकटीच मुलगी असशील तर ‘हे जरा साउंडवाल्या दादांना विचारून घेऊ’ असंही कुणी म्हणेल. राग धरू नकोस आणि दबूही नकोस. आपली चाचणीची डिस्क लाव, टीव्हीवर एकदा आणि होम थिएटरवर एकदा, आणि ऐकायला सांग. कानाला पटलं की वाद उरत नाही. ‘स्टिरिओ पहिला का?’ असं विचारलं तर शांतपणे सांग की ज्यांच्याकडे सगळ्यात कमी साधनं आहेत, त्यांचा विचार मी आधी केलाय. हे म्हणताना आवाज खाली घेऊ नकोस.

चाचणीची डिस्क तयार झाली की माझ्याकडे पाठव. मी आधी दुसऱ्या अंकातला तो हलक्या आवाजातला प्रवेश लावीन, आमच्या साध्या टीव्हीवर, आणि कुठला शब्द निसटला ते मिनिट-सेकंदासह लिहून कळवीन. सराउंड त्यानंतर ऐकू.